हँडिकॅप: वजन कोणी लादलं?

‘हँडिकॅप’ या इंग्रजी शब्दाची एक जन्मकथा अपंगत्वावरच्या भाषणांत आणि फिरत येणाऱ्या संदेशांत पुन्हा पुन्हा भेटते. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडचा राजा सातवा हेन्री याने लढाईत हातपाय गमावलेल्या सैनिकांना रस्त्यावर भीक मागायची मुभा दिली, ते हातात टोपी धरून उभे राहत, आणि त्या हातातल्या टोपीवरून ‘हँडिकॅप’ शब्द आला, अशी ही कथा. सांगणाऱ्यांचा हेतू चांगला असतो. शब्दाच्या पोटातच भीक आहे हे कळलं की लोक तो वापरणं सोडतील, असं त्यांना वाटतं. पण कथा खोटी आहे. मी स्वतः हा शब्द माणसांसाठी वापरत नाही, कोणी वापरू नये असंही मला वाटतं, आणि तरीही ही कथा आपण नाकारली पाहिजे असं माझं ठाम मत आहे. खरी कथा वेगळी आहे, आणि अपंगांच्या हक्कांची बाजू मांडणाऱ्याला ती कितीतरी जास्त उपयोगी पडणारी आहे.

या शब्दात हात आहे आणि टोपीही आहे, पण त्यांचा क्रम उलटा आहे. हातात टोपी नाही, टोपीत हात. सतराव्या शतकाच्या मध्यापासून इंग्रजीत ‘हँड-इन-कॅप’ नावाच्या एका खेळाचे उल्लेख सापडतात. खेळ म्हणजे खरं तर सौदाच. दोघांना आपापल्या वस्तूंची अदलाबदल करायची असते. दोन वस्तूंची किंमत सारखी नसते, म्हणून हलक्या वस्तूच्या मालकाने वर किती पैसे द्यायचे हे ठरवायला तिसरा माणूस पंच म्हणून बसवतात. थोडी थोडी रक्कम एका टोपीत जमा होते. पंच दोन्ही वस्तू न्याहाळतो आणि फरक जाहीर करतो. मग दोघं मालक टोपीत हात घालून एकाच वेळी बाहेर काढतात. मूठ भरलेली आहे की रिकामी, यावरून सौदा मान्य आहे की नाही ते कळतं. एकाचा होकार दुसऱ्याला आधी कळू नये, म्हणून ती टोपी.

पद्धत या नावाहूनही जुनी आहे. चौदाव्या शतकातल्या विल्यम लँगलंडच्या ‘पिअर्स प्लाउमन’ या दीर्घकाव्यात दारूच्या गुत्त्यात असाच सौदा रंगतो. एक चांभार आपला झगा पुढे टाकतो, एक मोतद्दार आपलं शिरोवस्त्र टाकतो, आणि फरक ठरवायला दोरखंड वळणाऱ्या रॉबिनला पंच नेमतात. पुढे लंडनमधला नौदल खात्याचा अधिकारी सॅम्युअल पेपिस १८ सप्टेंबर १६६० च्या रोजनिशीत लिहून ठेवतो की वुड स्ट्रीटवरच्या माइटर टॅव्हर्नमध्ये काही मंडळींनी हँडिकॅप खेळायला घेतला, हा खेळ आपल्याला आधी ठाऊक नव्हता, आणि तो फार छान होता. त्या नोंदीत भिकारी नाही, सैनिक नाही आणि राजाही नाही.

या खेळातला सगळ्यात विचार करण्यासारखा भाग म्हणजे पंचाची कमाई. दोघांनीही होकार दिला तर सौदा होतो आणि टोपीतले पैसे पंचाला मिळतात. दोघांनीही नकार दिला तर सौदा मोडतो, पण पैसे तरीही पंचाचेच. एकाने होकार आणि दुसऱ्याने नकार दिला, तर पंचाला काहीच मिळत नाही. पैसे होकार देणाऱ्याकडे जातात. म्हणजे पंच एका बाजूला झुकला की एक जण खूश होणार, दुसरा हात मागे घेणार, आणि पंच रिकाम्या हाताने घरी जाणार. त्याचा फायदा समतोलातच आहे. पंचाच्या सज्जनपणावर विसंबायची गरजच या नियमाने ठेवलेली नाही.

अठराव्या शतकात हाच शब्द घोड्यांच्या शर्यतीत शिरला. १७५४ पासून ‘हँडिकॅप’ सामन्यांचे नियम छापलेले मिळतात. दोन मालक घोडे धावडवणार, एक घोडा उघडच सरस, मग शर्यतीत मजा ती काय? म्हणून पंचाने सरस घोड्याच्या पाठीवर किती जादा वजन द्यायचं ते सांगायचं, आणि मालकांनी ते मान्य आहे की नाही हे टोपीतून हात काढून दाखवायचं. १७९१ मध्ये अ‍ॅस्कटला ‘ओटलंड्स’ नावाची मोठी हँडिकॅप शर्यत झाली. पुढे अनेक घोड्यांची वजनं ठरवणारा अधिकारी आला, टोपी गळून पडली, नाव तेवढं राहिलं. मुंबई-पुण्याच्या रेसकोर्सवर आजही शर्यतींच्या पुस्तिकेत हा शब्द याच अर्थाने छापला जातो, आणि तिथे त्याला कोणी हरकत घेत नाही.

म्हणजे त्या काळात हँडिकॅप मिळायचा तो बलवानाला. ऑस्ट्रेलियातला मेलबर्न कप ही अशीच हँडिकॅप शर्यत आहे. १८९० मध्ये कार्बाइन नावाचा घोडा सुमारे ६६ किलो वजन घेऊन ती जिंकला, आणि ते वजन हाच त्याचा मोठेपणा मानला गेला. फार लॅप या घोड्याने १९३० मध्ये हीच शर्यत मारली. पुढच्या वर्षी त्याच्यावर ६८ किलोंचा भार टाकला आणि तो आठवा आला. घोडा तोच होता. त्याच्या पायांत काही बिघडलं म्हणून तो मागे पडला, असं त्या शर्यतीबद्दल सांगितलं जात नाही. सगळी चर्चा वजनाचीच होते.

एकोणिसाव्या शतकात शब्द मैदानाबाहेर आला. एखाद्याची वाट अवघड करणं, त्याला आधीपासूनच मागे ठेवणं, या अर्थाचं क्रियापद रूढ झालं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते मुलांना लागू झालं, ‘हँडिकॅप्ड’ मुलं. पेपिसच्या रोजनिशीपासून इथपर्यंत सुमारे अडीचशे वर्षं गेली. शब्दाचा उगम खरोखर अपंग सैनिकांच्या टोपीत असता, तर इतकी वर्षं तो अपंगांच्या आसपासही का फिरकला नाही, या एका प्रश्नापुढे ती जन्मकथा टिकत नाही.

पण मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते या प्रवासात झालेलं स्थलांतर. शर्यतीत वजन खोगिरात असतं. कोणीतरी ते ठरवलेलं असतं, ते मोजता येतं, आणि शर्यत संपली की उतरवलं जातं. माणसांपर्यंत येता येता ते खोगिरातून निघून शरीरात शिरलं. आधी नियमाचं नाव असलेला शब्द माणसाचं नाव झाला. ठरवणारा पंच दिसेनासा झाला, आणि उरला तो जन्मतःच कमी असलेला घोडा. विसाव्या शतकातल्या अपंगत्वाविषयीच्या विचाराची सगळी चूक मला या एका बदलात दिसते.

ती दुरुस्त करायचा प्रयत्न झाला होता, आणि गंमत नव्हे तर खंत अशी की तो याच शब्दाच्या आधाराने झाला. १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एक वर्गीकरण प्रसिद्ध केलं. त्यात तीन पायऱ्या होत्या. अवयवात किंवा त्याच्या कार्यात असलेली उणीव ही पहिली. त्यामुळे एखादी कृती करता न येणं ही दुसरी. आणि या दोन्हींमुळे समाजात वावरताना वाट्याला येणारा तोटा ही तिसरी. ‘हँडिकॅप’ हा शब्द त्यांनी फक्त या तिसरीसाठी राखून ठेवला. पोलिओने पाय लुळा पडला ही उणीव. चालता न येणं ही दुसरी पायरी. आणि तलाठी कार्यालय दुसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही, म्हणून सातबाऱ्यासाठी दुसऱ्याच्या पाठुंगळी बसून वर जावं लागणं हा हँडिकॅप. शब्द पुन्हा बाहेर, खोगिरात ठेवायची ती धडपड होती. ब्रिटनमधल्या अपंग कार्यकर्त्यांना तीही पुरेशी वाटली नाही, कारण तिसऱ्या पायरीचं मूळ शेवटी पहिलीतच शोधलं जात होतं. त्यांनी १९७६ मध्येच म्हणून ठेवलं होतं की आमच्या शरीरातल्या उणिवेवर वरून अपंगत्व लादतो तो समाज. शिवाय तोवर लोकांच्या तोंडी शब्द कायमचा माणसाला चिकटला होता. २००१ च्या नव्या वर्गीकरणातून संघटनेने तो काढून टाकला.

मग भिकेची खोटी कथा इतकी का पसरते? मला वाटतं, ती आपल्याला ओळखीची वाटते म्हणून. आंधळा-पांगळा म्हटलं की दाराशी उभं असलेलं, दान मागणारं माणूस डोळ्यांपुढे यावं, ही सवय आपल्याकडेही जुनी आहे. एकनाथांच्या भारुडांत आंधळा, पांगळा, बहिरा, मुका येतात. तिथे ती अज्ञानाची रूपकं आहेत, खऱ्या अपंगांवरची टीका नव्हे, हे खरं. पण रूपक उभं राहायला समाजात आधी ते चित्र असावं लागतं. टोपीच्या कथेत हेच चित्र इंग्लंडच्या पार्श्वभूमीवर पुन्हा काढलेलं आहे. एक दयाळू राजा आहे, एक लाचार माणूस आहे, मधे भिकेची टोपी आहे. या चित्रात हक्काला जागाच नाही. ते पाहून माणूस हळहळतो आणि दुसरा गोड शब्द शोधतो. जिना कोणी बांधला, हा प्रश्न त्या चित्रातून उगवतच नाही. म्हणून चांगल्या हेतूने सांगितलेलं हे खोटं मला निरुपद्रवी वाटत नाही.

मग हा शब्द जावा का? माणसांसाठी, हो, जावा. कारण साधं आहे. इंग्रजी बोलणाऱ्या जगात ज्यांना तो उद्देशून वापरला जातो, त्यांच्यातल्या बहुतेक चळवळींनी तो नको म्हटलं आहे. एवढं कारण पुरेसं आहे. त्याला मध्ययुगातला पुरावा जोडायची गरज नाही. कोणी म्हणालं, मला या नावाने हाक मारू नका, तर आपण त्याच्याकडे शब्दकोश मागत नाही. आणि उलटही तितकंच खरं आहे. शब्दाचा जन्म निर्दोष होता म्हणून आजचा डंख नाहीसा होत नाही. शाळेच्या मैदानात एखाद्या मुलाला ‘ए हँडिकॅप’ म्हणून हाक मारणाऱ्याला पेपिसची रोजनिशी दाखवून निर्दोष ठरवता येणार नाही. फ्रान्समध्ये हाच शब्द आजही सन्मानाने नांदतो. तिथला समान हक्क आणि समान संधींचा २००५ चा कायदा हाच शब्द वापरतो. पण १९८२ मध्ये फ्रेंच डॉक्टरांनी सुरू केलेल्या ‘हँडिकॅप इंटरनॅशनल’ या संस्थेने २०१८ मध्ये आपलं नाव बदलून ‘ह्युमॅनिटी अँड इन्क्लूजन’ केलं. शब्द कुठे चालतो आणि कुठे बोचतो, हे त्या त्या ठिकाणच्या, त्या त्या माणसांनी ठरवायचं.

इथे अमेरिकेतली एक घटना आठवावीच लागते. १९७३ च्या पुनर्वसन कायद्यात ५०४ क्रमांकाचं कलम होतं. केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या कोणत्याही संस्थेला अपंगत्वाच्या कारणावरून भेदभाव करता येणार नाही, असं ते सांगत होतं. त्या कलमात शब्द होता ‘हँडिकॅप्ड’. कायदा झाला, पण त्याचे नियम काही केल्या निघेनात. एप्रिल १९७७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी इमारतीत अपंग आंदोलकांनी ठिय्या दिला आणि तीन आठवड्यांहून जास्त काळ ते तिथून हलले नाहीत. त्यांच्यात ज्युडिथ ह्यूमन होत्या. चाकाच्या खुर्चीमुळे आगीच्या वेळी धोका होईल असं सांगून लहानपणी त्यांना शाळेत घेतलं नव्हतं, आणि मोठेपणी शिक्षिकेचा परवाना नाकारला तेव्हा त्या न्यायालयात गेल्या होत्या. २८ एप्रिलला नियमांवर सही झाली. न आवडणाऱ्या शब्दाखाली लिहिलेला हक्क त्यांनी पुरता वसूल केला. पुढे १९९० च्या कायद्यात ‘डिसॅबिलिटी’ हा शब्द आला. शब्द बदलवला तो याच चळवळीतल्या लोकांनी, आणि हातात हक्क घेऊन.

आपल्याकडे क्रम वेगळा राहिला. ३ डिसेंबर २०१५ रोजी केंद्र सरकारचं सुगम्य भारत अभियान सुरू झालं. त्याच महिन्याच्या २७ तारखेला पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये विकलांगऐवजी ‘दिव्यांग’ म्हणावं असं सुचवलं. सुचवण्यामागचा जिव्हाळा खरा असेल. मी त्यावर शंका घेत नाही. पण अपंगांच्या अनेक संघटनांनी त्याच वेळी हरकत घेतली. आमच्या शरीरात दिव्य काही नाही, आम्हाला देवत्व नको, नागरिकत्व द्या, असं त्यांच्या म्हणण्याचं सार होतं. २०१९ मध्ये भारताचा आढावा घेताना संयुक्त राष्ट्रांच्या समितीनेही हा शब्द वादग्रस्त असल्याची दखल घेतली. तरी सरकारी पाट्यांवर तो भराभर चढला. वांद्र्याच्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेच्या इंग्रजी नावात १९८३ पासून ‘हिअरिंग हँडिकॅप्ड’ होतं. ते गेलं आणि ‘दिव्यांगजन’ आलं. महाराष्ट्राने २०२२ मध्ये स्वतंत्र खातं काढलं तेही दिव्यांग कल्याण या नावाने. स्वतंत्र खातं होणं ही मोठी गोष्ट आहे आणि तिचं स्वागतच करायला हवं. मी या लेखात ‘अपंग’ म्हणतो आहे, कारण मराठीत चळवळ याच शब्दाखाली वाढली. ज्याला स्वतःला दिव्यांग म्हणवून घ्यायचं असेल, त्याचा तो अधिकार आहे.

नावाचा हुकूम जितक्या वेगाने अमलात आला, तितक्या वेगाने दुसरं काय अमलात आलं, हा माझा प्रश्न आहे. २०१६ च्या अपंग व्यक्ती हक्क कायद्याचं ४५ वं कलम सांगतं की नियम अधिसूचित झाल्यापासून ५ वर्षांत सगळ्या जुन्या सार्वजनिक इमारती अपंगांना वापरता येतील अशा करायच्या. नियम जून २०१७ मध्ये आले, म्हणजे मुदत जून २०२२ मध्ये संपली. आपापल्या तालुक्याच्या ठिकाणी जाऊन तहसील, कोर्ट, पोस्ट, बसस्थानक पाहावं; हिशोब तिथेच आहे. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की सुगम्यतेच्या नियमांना नुसत्या शिफारशींचं रूप देणं हे मूळ कायद्याच्या विरोधात आहे, आणि सरकारने ३ महिन्यांत बंधनकारक नियम करावेत. कायद्याने हक्क दिला होता, नियमाने तो ऐच्छिक करून ठेवला होता.

मुंबईच्या लोकलमध्ये अजूनही सगळे ‘हँडिकॅपचा डबा’च म्हणतात, त्यात प्रवास करणारेही. पाटीवर काय लिहिलं आहे याने त्यांच्या बोलण्यात फरक पडलेला नाही, आणि त्यांना भाषा शिकवायला जाण्याचा अधिकार आपल्याला नाही. त्या डब्यापर्यंत पोचायचं तर पूल चढावा लागतो, फलाट आणि डबा यांच्यातली पोकळी ओलांडावी लागते, आणि गर्दीच्या वेळी धडधाकट माणसांनी अडवलेलं दार सोडवून घ्यावं लागतं. काही स्थानकांवर लिफ्ट आल्या आहेत, आणि त्या स्थानकांवरचा प्रवासी घराबाहेर पडताना वेगळा विचार करतो. शरीर तेच आहे, वजन कमी झालं आहे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार अपंग व्यक्ती नोंदल्या गेल्या होत्या. तेव्हा मोजलेले प्रकार ८ होते; २०१६ च्या कायद्याने ते २१ केले, म्हणजे खरा आकडा याहून मोठाच असणार.

मला काही जण म्हणतील की नाव आणि काम दोन्ही बदलूया, यात भांडण कसलं? भांडण नाहीच. पण सरकारला, संस्थांना आणि आपल्यालाही नाव बदलणं स्वस्त पडतं, आणि स्वस्त काम झालं की महाग काम झाल्यासारखं वाटू लागतं. म्हणून कोणी नवा शब्द घेऊन आला की त्याच्यासोबत कोणती मुदत, किती निधी आणि कोणाची जबाबदारी आली, हे विचारायची सवय लागली पाहिजे. ते विचारण्याची जागाही कायद्याने दाखवून दिली आहे. त्याच कायद्याच्या ४४ व्या कलमानुसार, आराखडा सुगम्यतेच्या नियमांत बसत नसेल तर बांधकामाला परवानगी देता येत नाही, आणि इमारत नियमांप्रमाणे बांधलेली नसेल तर पूर्णत्वाचा दाखलाही देता येत नाही. ही सही करतो नगरपालिकेचा किंवा महानगरपालिकेचा अधिकारी. पायऱ्यांशेजारी उतार हवा की नको, दार चाकाची खुर्ची जाईल इतकं रुंद हवं की नको, हे वजन ठरवणारा पंच तोच आहे. त्याच्या सहीत तोलाचा जुना नियम आजही आणता येईल. नव्या शाळेला, दवाखान्याला, नाट्यगृहाला भोगवटा प्रमाणपत्र देण्याआधी गावातल्या अपंग व्यक्तींना आत नेऊन इमारत वापरून पाहू द्यावी, त्यांचा लेखी होकार फाईलला जोडावा, आणि तो नसेल तर प्रमाणपत्र अडवून ठेवावं. यासाठी नवा कायदा लागत नाही. पुढच्या सर्वसाधारण सभेत एखाद्या नगरसेवकाने ठराव मांडला तरी सुरुवात होऊ शकते.